फॉस्फरस जागा सोडतो का?

आमच्या फरीदाबादच्या माती-पाणी लॅबमध्ये बाटल्या रोज धुतल्या जातात. किस्से मात्र कोणी धूत नाही, ते साचतच राहतात. त्यातून आम्ही तिघं मराठी एकाच मजल्यावर! साहेब म्हणजे कुलकर्णी सर, मूळचे सांगलीचे. लातूरची नसरीन, यूपीएससीचे अटेम्प्ट संपवून कॉन्ट्रॅक्टवर आलेली. आणि मी, टेक्निशियन काळे.

आमचं काम फॉस्फरस मोजायचं. नमुन्यात औषध घातलं की तो निळा होतो. फॉस्फरस जितका जास्त, तितका रंग गडद. इतकं सोपं. तरी घोळ होतातच!

*

स्वच्छता पंधरवड्यात वरून आदेश आला, अधिकाऱ्यांनी स्वतः सफाई करावी आणि फोटो पाठवावेत. सरांनी बाह्या सरसावल्या आणि नमुन्यांच्या सगळ्या बाटल्या घरून आणलेल्या कपड्यांच्या पावडरने घासल्या. फोटो झकास आले.

दुसऱ्या दिवशी नाल्याचं पाणी निळं, कालव्याचं निळं, डिस्टिल्ड वॉटरसुद्धा निळं!

"काळे, हा काय प्रकार?"

"सर, पावडरमध्ये फॉस्फेट असतं. आपण आज तुमची पावडर मोजतोय."

सरांनी मोबाईलमधले फोटो पुन्हा उघडले. मग म्हणाले, "पण फोटो गेलेत ना वर?"

*

जानेवारीत इथल्या महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला, मराठ्यांच्या काला अंब स्मारकाला निघाली. वाटेत एक कालवा शेवाळाने हिरवागार दिसला. "थांबवा!" सर ओरडले. शेतातलं खत वाहून आलं की असं शेवाळ माजतं, हे आम्हाला समजावतच ते उतरले. बाटली नव्हती. सरांच्या मिसेसचा, म्हणजे वहिनींचा थर्मास होता. आतला चहा रस्त्याकडेला ओतून सर त्यात कालवा भरून घेऊन आले.

 पुढच्या टपरीवर वहिनींनी सगळ्या बसला चहा पाजला. सरांनी कपाला हात घातला, तशा म्हणाल्या, "तुमचा आहे ना थर्मासमध्ये!"

*

जमिनीखालच्या पाण्यात फॉस्फरस जाऊच शकत नाही, हे सरांचं ठाम मत. ट्रेनींना ते सांगत, "फॉस्फरस म्हणजे दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमधला रिटायर्ड अधिकारी. मातीच्या कणाला एकदा चिकटला की नोटिशीनेही हलत नाही. पावसात मातीच वाहून गेली तर तिच्याबरोबर ओढ्यात जाईल. एरवी नाही!"

एकदा मागून नसरीन म्हणाली, "पण सर, सगळे क्वार्टर भरले की नवीन पोस्टिंगवाले कुठे जातात?"

"कुठे म्हणजे? इकडे फरीदाबादला. भाड्याने."

"तेच तर, सर. मातीत जागा संपली की फॉस्फरसही खाली उतरतो."

ट्रेनी हसले. सर हसले नाहीत.

*

कारण नसरीनने नुसतं बोलून दाखवलं नव्हतं. एका भाजीच्या शेतातल्या हातपंपाच्या पाण्यात तिला फॉस्फरस सापडला होता.

"बाटली नीट धुतली नसशील," सर म्हणाले.

"मी पावडर वापरत नाही, सर."

झालं! तिचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं आणि रिन्यूअल सरांच्या शब्दावर होतं. सर म्हणाले, "नमुना मी स्वतः आणतो. निळा झाला नाही, तर चुकीचं रीडिंग देणाऱ्याला ठेवायचं कशाला?"

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, सॉरी म्हणून टाक ना."

"काका, पाणी बदलणार आहे का माझ्या सॉरीने?"

सरांनी बाटल्या ॲसिडने धुतल्या, डब्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. या पंपात असं काय ठेवलंय, म्हणून शेतावरच्या म्हातारीने विचारलं, "साब, इस नलके में इसा के धरा सै?"

"कुछ नहीं है, अम्मा. यही तो दिखाना है."

"खाद तो म्हारे ससुर के टैम से गेर रे सैं, जितणी मिल जा!"

सासऱ्याच्या काळापासून मिळेल तेवढं खत टाकतोय, हे तिचं बोलणं सर ऐकून न ऐकल्यासारखं करत पंप हापसत राहिले.

लॅबमध्येही त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. डिस्टिल्ड वॉटर तसंच नितळ राहिलं. हातपंपाचं पाणी हळूहळू निळं झालं. सरांनी पुन्हा केलं. पुन्हा निळं! नसरीन ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खिडकीबाहेर बघत होती.

सरांनी हेड ऑफिसला फोन लावला. आम्ही दोघं दारातच.

"हाँ जी, नसरीन का रिन्यूअल... बिल्कुल करना है... नहीं जी, काम अच्छा है, बस मेरी एक बात नहीं मानती."

पलीकडचा आवाज दारापर्यंत आला, "फिर भी रखना है?"

"हाँ जी," सर म्हणाले, "इसीलिए."