पंचफुलाबाईंचं नेमणूकपत्र

मिल सुरू झाली की पंचफुलाबाई डोळे मिटायच्या. उजवा तळवा धान सडणाऱ्या हलरच्या पत्र्यावर टेकवून काही क्षण तशाच उभ्या राहायच्या. कोंड्याचं सोनेरी धुकं, खिडकीतून तिरकं येणारं ऊन आणि त्यात उभ्यानंच झोपी गेल्यासारख्या दिसणाऱ्या त्या. मग डोळे उघडून म्हणायच्या, "भाऊ, तिकडलं बेरिंग आजारी हाये." मिस्त्री खोलून पाही, तर ते खरंच झिजलेलं असे. पाहुणे आले की आम्ही ही गोष्ट कौतुकानं सांगायचो.

सावली गावातली आमची ही राईस मिल वडिलांनी काढली, तेव्हापासून त्या तिथे होत्या. वडील गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसलो, त्या दिवशी मला म्हणाल्या, "मशीनले दुखलं तं ते सांगते भाऊ. मानूस नाई सांगत." मी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं.

नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्या हिवाळ्यात चंद्रपूरचे आमचे सल्लागार फायली घेऊन आले. पुष्कळ जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी चार आले, असं त्यांनी समजावलं. आता प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं, चाळिशीपुढच्यांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करायची. मला वाटलं, चला, आणखी दोन कागद वाढले.

पंचफुलाबाईंना ऑफिसात बोलावून मी त्यांचं पत्र वाचून दाखवलं. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या.

"हेल्पर म्हंजे?"

"मदतनीस."

"कोनाले मदत करून राह्यली मी?"

"मग काय लिहू?"

"जे करते ते लिवा. धान पारखते. मशीन पारखते."

मी लिहिलं, 'धान व यंत्र पारखी'. सल्लागार म्हणाले, असं पद आपल्या यादीत नाही. मी म्हटलं, आता घाला. पंचफुलाबाईंनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ उन्हात धरला. अक्षरं त्यांना ओळखता येत नव्हती, पण आपलं नाव कुठे आहे ते त्यांनी बोट ठेवायला लावून पाहून घेतलं.

तपासणीला मात्र त्या तयार नव्हत्या. "मले काय झालं? काऊन नेता दवाखान्यात?" मी कायद्याचं नाव काढलं, तेव्हा हसल्या. "कायद्याले माई तब्येत कशी आठवली?"

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं. आवाज आला की हात वर करायचा होता. पंचफुलाबाई डोळे मिटून बसल्या. डॉक्टर बटण फिरवत राहिले, आवाज वाढवत राहिले. त्यांचे हात मांडीवरच होते. चेहरा इतका शांत, की जणू दूर कुठल्या तलावाकाठी बसल्या असाव्यात.

"यांना कित्येक वर्षांपासून फारसं ऐकू येत नाही," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "मोठ्या आवाजाच्या यंत्रापाशी काम केलंय का?"

"पण त्या तर मशीनचा आवाज ओळखतात!"

"आवाज नव्हे, थरथर. तळव्यानं ओळखत असतील. समोरच्याचं बोलणं ओठांवरून."

परतताना मूल गावाच्या पुढे जंगल लागलं. पानगळीचा साग दोन्ही बाजूंनी मागे सरकत होता. मी गाडी थांबवली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "बाई, कधी सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं कामावर ठेवलं असतं का तुमी?"

ठेवलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी तेही वाचलं असणार.

कानाचं यंत्र आलं त्या दिवशी मी दुपारीच मिल बंद केली. पंचफुलाबाई अंगणात वाळत घातलेल्या धानापाशी उभ्या होत्या. वारा आला आणि त्या दचकल्या.

"भाऊ, हे काय वाजून राह्यलं?"

"काही नाही बाई. मोहाची पानं गळताहेत."

"पानाईचा एवढा आवाज होते?" म्हणाल्या, आणि सावल्या लांब होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

त्यानंतर मी हलरभोवती आवाज अडवणारी भिंत घातली, सगळ्यांना कानांवर लावायची झाकणं आणली. पंचफुलाबाईंना अंगणातलं काम दिलं. उन्हाळा लागताना त्या मुलचेऱ्याकडे, लेकीच्या गावी कायमच्या निघाल्या. बसची वाट पाहताना म्हणाल्या, "माया जागेवर जे बाई येईन, तिचे कान पयल्याच दिवशी तपासा. मंग दर साली. म्हंजे मिलीनं तिचं काय नेलं, ते तुमाले समजन." बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे ते अधिक लागलं.

त्यांच्या जागी आता मंदा आहे. तिला हलरपाशी उभं करण्याआधी मी चंद्रपूरला नेलं. काचेच्या खोलीत ती बसली. अगदी बारीक आवाजालाही तिचा हात चटकन वर जात होता. तपासणीचा तो कागद मी पुढच्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहायला फायलीत लावला.