बंडलमधला रिकामा फोल्डर

आधीच सांगून टाकतो, भूतखेत, संकेत असल्या गोष्टींची मी कायम टिंगलच केली आहे. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारेधुपारे नाहीत. तरी हे लिहितोय, कारण डोक्यातून जातच नाही...

मी वणीचा. घरून सॉफ्टवेअरचं काम करतो. प्रोग्रामला लागणारं सगळं बिऱ्हाड एका फोल्डरमध्ये बांधून द्यायचं, म्हणजे तो कुठल्याही मशीनवर बिनघोर चालतो. याला कंटेनरचं बंडल म्हणतात. ते बांधतो माझा कोड. सुरुवात कोऱ्या फोल्डरपासून, आणि मी लिहीन तेवढंच आत जातं. वर एक फाइलसुद्धा नाही.

बांधाबांधी खरं तर बाबांची. ते ट्रकवर कापसाच्या गाठी रचायचे. मी अमरावतीला होस्टेलवर निघालो की माझी पत्र्याची पेटीही तेच भरायचे. चादर, चिवड्याचा डबा, पुस्तकं असं ठासून बसवायचे की पेटी हलवली तरी आत काही वाजायचं नाही. पण एक कोपरा मुद्दाम रिकामा! मी चिडायचो, "बाबा, अजून दोन पुस्तकं मावतेत ना!"

"मावतेत. पन येताना काही आनशीन, त्याले जागा नाही पाह्यजे काय?"

बाबा गेल्या उन्हाळ्यात गेले. पेटी मागच्या खोलीत आईच्या खाटेखाली आहे.

त्या सकाळी क्लायंटसमोर डेमो होता. बॉसने बजावलं होतं, फसलं तर घरून काम बंद, सरळ पुण्याला यायचं. म्हणजे आई इथे एकटी. आणि बंडल पाठवून झाल्यावर मला आठवलं — तात्पुरत्या फाइली ठेवायला प्रोग्रामला 'टीएमपी' नावाचा रिकामा फोल्डर लागतो, आणि तो बनवायची ओळच मी लिहिली नव्हती! तोवर तिकडे त्यांनी प्रोग्राम सुरूही केला.

मागच्या खोलीत काहीतरी धप्पकन वाजलं. रस्त्यावरून खाणीचा कोळशाचा ट्रक गेला, त्याने काही पडलं असेल म्हटलं.

आणि प्रोग्राम चालला. पहिल्या झटक्यात.

आई दारात आली. "काहून रे, पेटी कायले उघडली होती? झाकन लावल्याचा आवाज आला."

"मी तं इथून उठलोच नाही, आई."

डेमो संपल्यावर पाठवलेलं बंडल उघडलं. आत तो फोल्डर होता. रिकामा. कोड पुन्हा वाचला, ओळ नव्हतीच. त्याच कोडने नवीन बंडल बांधलं, तर त्यात फोल्डर नाही आणि प्रोग्राम लगेच बंद पडला. ऑफिसमधल्या मित्रानेही डोकं खाजवलं आणि सोडून दिलं.

आईला सगळं सांगितलं. ती कंटेनर-बिंटेनरच्या फंदात पडली नाही. "तुह्या बाबानं कोपरा ठेवला असन," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मी मात्र रडलो.

कोडमध्ये ती ओळ आता आहे. उत्तर अजूनही नाही. ते जुनं बंडल मी जपून ठेवलंय, आणि त्या फोल्डरमध्ये काहीच टाकत नाही... बाबांनी येताना काही आणलं, तर जागा पाहिजे ना.