पाय पुरला पाहिजे

जुना ट्रॅक्टर बघायला जायचं तर सकाळी सकाळी गाठायचा, हा माझ्या सासऱ्यांचा नियम. उशीर केला की विकणारा इंजिन आधीच तापवून ठेवतो, आणि तापलेलं इंजिन काय, कुणीही किल्ली फिरवली तरी सुरू होतं. पडेगावच्या त्या आवारात आम्ही पोचलो तेव्हा मालक अजून दात घासत होता. सासऱ्यांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. थंड होतं. मग मालकाला रामराम घातला.

आम्ही तिघं होतो. एक मी. एक माझा नवरा. तो चितेगावच्या कंपनीत पाळ्या करतो, रात्रपाळी उरकून तसाच आला होता. आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला सायकलही धड येत नव्हती. पुढं मामांचे गुडघे गेले, आणि त्यांनी मला आमच्या जुन्या ट्रॅक्टरवर बसवलं. माझी उंची बेताची, क्लचपर्यंत पाय पुरेना. मामांनी बाभळीचा एक ठोकळा तासला, क्लचवर बोल्टानं आवळला. त्या ठोकळ्यावर पाय ठेवून मी आमचं सगळं रान नांगरलं. गावातल्या बायका आधी हसल्या, मग त्यांनीच त्यांच्या रानात बोलावलं. मला तेव्हा जे वाटलं ते दागिन्यानंही वाटलं नसतं.

दिवाळीनंतर तो ट्रॅक्टर कायमचा बसला. भंगारात द्यायचं ठरलं, त्याच दिवशी जेवताना नवऱ्यानं विषय काढला. आता दुसऱ्या ट्रॅक्टरची झंझट कशाला, रान बटईनं देऊन टाकू, निम्मं पीक बसल्या जागी घरी येईल, हिलाही आराम. हिला आराम! हिला कुणी विचारलं होतं? मी मामांकडं बघितलं. ते काहीच बोलले नाहीत. हात धुतला आणि उठून बाहेर गेले. मला ते फार लागलं. ज्यांनी शिकवलं त्यांनाच आता माझं चालवणं नको झालं, असं मी धरून चालले. पुढं महिनाभरानं ते म्हणाले, एखादा जुना बघू, नाही पटला तर बटई हायच. हाच तो एखादा.

मामांनी घाई केली नाही. ऑईलची पट्टी काढून ऑईल बोटांवर चोळलं, पाणी मिसळलंय का ते बघितलं. इंजिन सुरू झाल्यावर पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो ते बघितलं. मग मागं नांगर जोडायला लावला, तो वर उचलून इंजिन बंद करायला सांगितलं आणि म्हणाले, आता चहा घेऊ. हायड्रोलिक गळकं असलं तर चहा होईस्तोवर नांगर खाली येतो. मालकाला हे ठाऊक असावं, कारण त्यानं चहा फारच लगबगीनं आणवला. मामांनी तो बशीत ओतून, फुंकून फुंकून घेतला. माझा कप तसाच गार झाला. नांगर जागचा हलला नाही.

मालक सगळं नवऱ्याला समजावत होता. साहेब, इंजिनाला कुणाचा हात लागलेला नाही. साहेब, टायर बघा. साहेब उभ्या उभ्या पेंगत होते. शेवटी त्यानं किल्ली साहेबांपुढं धरली, तेव्हा मामा म्हणाले, "त्याला नको. चालवणारी ही हाय."

मी चढले. सीट गंजून बसली होती, पुढं सरकेना. मी पार कडेला आले, पाय ताणला आणि नुसत्या बोटांनी क्लच दाबला. आवारात एक फेरी मारली, रिव्हर्स घेतला. गिअर एकदा करकरला. उतरले तेव्हा मांडी थरथरत होती, ती मी पदर सारखा करायच्या निमित्तानं लपवली. नवऱ्यानं विचारलं, पाय पुरतो का. पुरतो की, मी म्हणाले. धडधडीत खोटं. पण नाही म्हणाले असते तर माझं ट्रॅक्टर चालवणं तिथंच संपलं असतं.

मामा माझ्या पायांकडं बघत होते. "पुरत नाय," ते म्हणाले.

मला इतका राग आला की मी तोंड फिरवलं. मामांनी खांद्यावरची पिशवी उतरवली. सकाळपासून मला वाटत होतं, त्यात भाकरी असेल. त्यांनी मालकाकडं पाना मागितला आणि पिशवीतून बाभळीचा ठोकळा काढला. आमचाच. माझ्या पायानं मधोमध झिजलेला.

गुडघे वाकत नाहीत म्हणून ते कमरेतून वाकले. बोल्टाची भोकं जुळेनात, तेव्हा पाना ठेवून दिला आणि तात्पुरता तारेनं आवळला. मला म्हणाले, चढ, आता दाब. मी दाबला. क्लच पार तळापर्यंत गेला. समोरचं स्टेअरिंग मला नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

"घ्यायचा का?" त्यांनी मला विचारलं. नवऱ्याला नाही, मला.

मी मान हलवली. नवरा ठोकळ्याकडंच बघत होता. हा तर जुन्या ट्रॅक्टरबरोबर भंगारात गेला होता ना, तो म्हणाला.

"तू जेवताना बटईचं काढलंस, तवाच उठून काढून ठेवला. भंगारवाला सकाळी येणार व्हता."

"मग तेव्हा काही बोलला का नाही, मामा?" मी विचारलं.

"बोलायचं काय त्याच्यात," मामा हात पुसत म्हणाले. "बोल्ट लई गंजले व्हते. निघंनात."