शंभर वर्षं टिकवणारी बाटली

"अंकल, प्लेअर बिघडलाय बहुतेक. आवाज रजईतून आल्यासारखा येतोय."

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणारा मेल्विन प्लेअर घेऊन माझ्या डोंबिवलीच्या दुकानात आला होता. मी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो. सोबत त्याच्या मावशी, फिलोमिना आंटी. रेकॉर्ड त्यांनी छातीशी धरलेली.

मी प्लेअरची सुई भिंगाखाली धरली. टोकाला राखाडी गोळा. "रेकॉर्डला काय लावलंस?"

"प्रिझर्व्हेटिव्ह. इम्पोर्टेड. रेकॉर्ड शंभर वर्षं टिकते."

"कंपनीनं शंभर वर्षं थांबून बघितलं का?"

बाटलीवर 'एक कोट पुरे' असं लिहिलेलं. यानं तीन दिले. मावशीवर प्रेम फार!

"उद्या माझ्या लेकीचं उंबराचं पाणी हाय, भाऊ," आंटी म्हणाल्या. आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं, ही मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिश्चनांच्या लग्नातली रीत. त्या वेळची गाणी आंटींच्या आईनं कधीकाळी स्टुडिओत गायली होती. आई गेली, प्रत ही एकच उरली. "घरातल्या प्रत्येक लग्नात माझी आयच गाते. उद्या नाय गायली तर?"

रेकॉर्डवर केसासारखी बारीक खाच असते. तिच्या भिंतींना घासत सुई आवाज काढते. असला द्रव जास्त झाला की खाचेत थर बसतो, त्याला धूळ चिकटते आणि सुई गाण्याऐवजी गाळ उपसत बसते. अशा बाटलीनं वाचवलेली रेकॉर्ड मी अजून पाहिलेली नाही. बाटलीपासून वाचवायला आणलेल्या बऱ्याच पाहिल्यात.

सुई पुसून दुसरी बाजू लावली. मेल्विन बाटली घेऊन तिच्याकडे वळायच्या आत आंटींनी रेकॉर्ड हिसकावली होती. खणखणीत वाजली. तिला आजवरची ट्रीटमेंट एवढीच: पाकिटात घालून कपाटात उभी ठेवायची आणि कडेला धरून उचलायची.

पण पाण्याचं गाणं पहिल्याच बाजूवर. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश. तीनदा धुतली, वाळवली, लावली. पहिल्या कडव्यात नुसती खरखर.

"पुसलीस कशानं?"

"बाटलीसोबत कापड फ्री होतं."

धूळ न झाडता त्यानं जोर लावून घासली होती. थर धुता येतो, ओरखडा नाही. हे मी आंटींना सांगितलं.

त्यांनी मला सुई पुन्हा सुरुवातीला ठेवायला लावली. खरखरीवरच त्या पहिलं कडवं म्हणू लागल्या. खरखर संपली आणि त्याच सुरात त्यांच्या आईनं दुसरं उचललं. मेल्विन खाली मान घालून उभा राहिला.

मी आधी कॉम्प्युटरवर कॉपी काढली. हे काम पहिल्या कोटाच्या आधी करायचं असतं.

दुसऱ्या दिवशी मलाही बोलावणं होतं. पाणी अंगणात आलं, पहिलं कडवं आंटी गायल्या आणि दुसऱ्यावर मी सुई टेकवली.

"मम्मी, तू कधी शिकलीस?" नवरीनं विचारलं.

"दर लग्नात ऐकून."

मेल्विन हळूच माझ्याजवळ आला. "अंकल, अर्धी बाटली उरलीय. काय करू?"

"सील करून ठेव," मी म्हटलं. "ती नक्की शंभर वर्षं टिकेल."