डॉक्टर आलेच नाहीत, पोरगी आली होती

माझ्या टेबलावर रुग्णांचे अकरा फॉर्म होते. ‘डॉक्टर रोज तपासायला येत होते का?’ या प्रश्नापुढे अकराही जणांनी ‘नाही’वर खूण केली होती. समोर डॉ. मेघा उभी होती. ती आमची इंटर्न. इंटर्न म्हणजे परीक्षा पास झालेला, पण वर्षभर सीनियरच्या हाताखाली काम केल्याशिवाय स्वतंत्र प्रॅक्टिस करता न येणारा डॉक्टर.

“सर, मी दोन्ही वेळा राउंड घेतला.”

“मग अकरा माणसं खोटं बोलतात?”

पांढुर्ण्याकडच्या त्या धर्मादाय दवाखान्यात मी वॉर्डचा इनचार्ज. इंटर्नचा रिपोर्ट माझ्या सहीने जायचा. मी ‘गैरहजर’ लिहिलं आणि फाइल कॉलेजला पाठवली. म्हणजे तिची इंटर्नशिप एका महिन्याने लांबली. सौसरला तिची पहिली नोकरी ठरली होती, पुढच्याच आठवड्यात रुजू व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी राउंडला गेलो. मोहगावच्या एका आजींच्या पायांवरची सूज बरीच उतरली होती. जेवणात मीठ नाही म्हणून त्या घरच्या डब्याला नावं ठेवत होत्या.

“आजी, डॉक्टर आले नाहीत म्हणता, मग मीठ बंद कोणी केलं?”

“ते पोरीनं जी. सकाळ-संध्याकाळ येऊन राहिली. खाटीवर बसते, पाय दाबून सूज पाह्यते. घरी सून मीठ किती टाकते, तेही इचारते.”

“तीच डॉक्टर आहे, आजी.”

“काहून मजाक करता जी? डॉक्टर असती तं एवढा येळ बसली असती?”

शेजारच्या खाटेवर सावरगावचे एक बुवा होते. ते म्हणाले, “डॉक्टर कसा पाह्यजे, तुमच्यावानी! दारातूनच पाह्यलं, सलाईन लिवली, चालले.”

सगळा वॉर्ड हसला. सिस्टरने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

मी केसपेपर मागवले. दोन्ही वेळच्या नोंदी मेघाच्या अक्षरात होत्या. सही करण्याआधी मी ते उघडलेच नव्हते. एक फोन केला असता तर फाइल परत आली असती. पण मग का परत मागवली, हेही लिहावं लागलं असतं. मी फोन केला नाही. सौसरची नोकरी दुसऱ्याला मिळाली.

बुवांनी वॉर्डातली गंमत म्हणून तो किस्सा तिलाही ऐकवला होता. वाढीव महिन्यात मेघा एकाही खाटेवर बसली नाही. उभ्या उभ्या पाहायची, सलाईन लिहायची, दहा मिनिटांत वॉर्ड संपवायची. महिनाअखेरच्या फॉर्मवर सगळ्यांनी लिहिलं, ‘डॉक्टर रोज येतात.’

मी तिच्या रिपोर्टवर शेरा मारला, ‘कामात चांगली सुधारणा.’

‘गैरहजर’ची नोंद खोटी होती, हे आता सांगतोच आहे. पण त्याहून खोटी ही दुसरी.