हेमंतने न बदललेली नावं

मी शिकवते त्या शाळेत मुलांची तोंडी परीक्षा चालू होती आणि पिशवीतला फोन थरथरत होता. अनोळखी नंबर म्हणून मी दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पलीकडच्या माणसाने विचारलं, "आप हेमंत जी की कौन हैं?" बहन, म्हटलं. तो थांबला... आणि मग फार सांभाळून म्हणाला, "बहनजी, घर में कोई आदमी हो तो उनसे बात कराइए." हेमंत गेला हे मला त्या वाक्यावरूनच कळलं. सकाळचं धुकं, हायवेच्या कडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रक, त्याची मोटरसायकल, हे सगळं नंतर तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. त्याला आता दोन महिने होत आले.

हेमंत माझा धाकटा भाऊ. बाबा रेल्वेत होते, भुसावळहून बदली होऊन झाशीला आले आणि निवृत्तीनंतर सिपरी बाजारात घर घेऊन इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अशात आम्ही वाढलो. हेमंतचं मराठी तर भुसावळच्या मामे-मावसभावंडांना हसवायला पुरेसं होतं. "ताई, मी बिलकुल खरं बोलून राहिलोय," असं तो म्हणायचा आणि आई कपाळाला हात लावायची. एका खाजगी कॉलेजात तो समाजशास्त्र शिकवायचा. नोकरी कायम व्हायची तर पीएच.डी. हवी, म्हणून त्याने नाव नोंदवलं. विषयही त्याच्या मार्गदर्शक सरांनी सुचवलेला घेतला, शहरातली तरुण मुलं आणि मोबाइल. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, प्रकरणं पाडायची आणि मोकळं व्हायचं. सिनॉप्सिस, म्हणजे कामाचा आराखडा, मंजूरही झाला होता.

पुढे बाबांचा खोकला जाईना म्हणून तो त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या रांगेत एकाच गावचे पुरुष होते, एकाच जीपमधून आलेले, सगळे त्याच्याच वयाचे, आणि सगळ्यांना धाप लागलेली. गिट्टी क्रशरवर, म्हणजे खडीच्या यंत्रावर, दगड फोडता फोडता त्यांच्या छातीत धूळ बसली होती. टीबी समजून दिलेली औषधं घेऊन घेऊन थकले होते बिचारे. बाबांना गोळ्या लागू पडल्या, बाबा बरे झाले. त्या रांगेतले बहुतेक नाही झाले.

हेमंतने विषय बदलला. सर त्याच्यावर चिडले, कारण पुन्हा सिनॉप्सिस, पुन्हा समिती, म्हणजे झालेलं सगळं काम पाण्यात. बाबा काही दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्याने मात्र नवी प्रश्नावली छापून घेतली आणि त्या गावी गेला. पहिल्याच घरी त्याने विचारलं, घरात कमावणारं कोण. त्या बाईने खाटेवर पडलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं, मग बोट खाली घेतलं आणि मान हलवली. कुठल्या चौकटीत खूण करायची ते हेमंतला कळेना. घरी आल्यावर त्याने कागदांचा तो गठ्ठा कपाटावर टाकला. त्यानंतर तो नुसता जाऊन बसू लागला. त्या घरांमध्ये माणूस आजारी पडल्यावर काय काय बदलतं, कोण कामाला जातं, कोणाची शाळा सुटते, कोण कोणाला घाबरतं, हा त्याचा प्रबंध झाला.

लिहिलेलं प्रत्येक प्रकरण तो आधी आईला सांगायचा, स्वयंपाकघरात, ती मेथी निवडत असताना, आपल्या मोडक्या मराठीत. आईला कळलं तर परीक्षकालाही कळेल, असा त्याचा हिशेब. एकदा तिने मध्येच विचारलं, "अरे, पण त्या बायका तुला का सांगतात हे सगळं? तू काय देणार आहेस त्यांना?" संशोधन पद्धतीच्या प्रकरणात त्याने आईचा तो प्रश्न जसाच्या तसा घातला, आणि त्याखाली लिहिलं की याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

लिहायला वर्षं लागली आणि मधल्या काळात माणसं जात राहिली. गावाहून आला की तो कॉम्प्युटर उघडून बसायचा आणि आधीच्या मसुद्यात 'सांगतो'चं 'सांगत असे' करायचा, 'राहतात'चं 'राहत असत'. "ताई, एकेका माणसाचा काळ बदलायला लागतो गं," असं एकदा म्हणाला होता. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग त्याच गावातल्या हरप्रसादच्या बायकोची गोष्ट झाली. (हरप्रसादचं नाव मी इथे तिला विचारून लिहिते आहे.) तुमच्या घराबद्दल जे लिहीन ते तुम्हाला वाचून दाखवीन, असं हेमंतने तिला कबूल केलं होतं. हरप्रसाद जाऊन वर्ष झालं होतं. हेमंतने ती पानं वाचली, तिने शेवटपर्यंत ऐकली आणि हा राजू कोण म्हणून विचारलं, "भैया, जो राजू को आय? हमाए आदमी को नाम तो हरप्रसाद हतो." संशोधनात खरी नावं देत नाहीत, तुमच्याच भल्यासाठी बदलतात, असं त्याने समजावलं. तिने विचारलं, "मर गओ, तो अब नाम सोई ले लओ?" माणूस गेला, आता त्याचं नावही काढून घेतलंत?

तिथून तो सरळ ओरछा गेटला माझ्या सासरी आला. हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिला. मी म्हटलं, अरे, नियमच आहे तो. "नियम मला पाठ आहे ताई, मी वर्गात शिकवतो तो. पण तिचं खोटं कुठे आहे?" सरांकडे गेला तर ते म्हणाले, नाव छापलं आणि क्रशरवाल्याने त्या घरातल्या दुसऱ्या कोणाला कामावरून काढलं, तर त्यांना तू जेवू घालणार का? तेही खरंच होतं. बरेच महिने हेमंतने एक ओळ लिहिली नाही. शेवटी त्याने ठरवलं की घरोघर पुन्हा जायचं आणि विचारायचं, नाव ठेवू की बदलू? काहींनी लगेच ठेवा म्हटलं. एका म्हातारीने हात जोडले, धाकटा अजून तिथेच कामाला जातो, नको लिहूस बेटा. ज्यांनी ठेवा म्हटलं त्यांची नावं त्याने परत खरी केली. सर तयार झाले नव्हते, पण सगळ्यांना विचारून झाल्यावर पुन्हा बोलू, एवढं त्यांनी मान्य केलं होतं.

थोडी घरं उरली होती. त्या सकाळी आई म्हणाली, धुकं उतरू दे, मग जा. तो म्हणाला, "हळू जातो ना, आई. आज संपवून टाकतो."

सर भेटायला आले तेव्हा बाबांनी त्यांना विचारलं, याचं आता काय होईल? सर म्हणाले, काही नाही होणार. तोंडी परीक्षेला उमेदवार लागतो, तोच नाही. जाताना दारात ते मला म्हणाले, "उन नामों पर मैं हाँ करता या नहीं, मुझे आज भी नहीं मालूम." त्यांनी खोटं सांत्वन केलं नाही, याचं मला बरं वाटलं.

आईसमोर आता प्रबंध हा शब्द कोणी काढत नाही. त्या नावांपायी गेला माझा मुलगा, असं ती म्हणते. तेराव्यानंतर हरप्रसादची बायको आली, गावातल्या दोघींना बरोबर घेऊन, बसने. तिघी आईसमोर जमिनीवर बसल्या. मग आईने तिच्या त्या तुटक हिंदीत विचारलं, "तुम्हारे आदमी के नाम के लिए ही गया था ना वो?" मी मध्ये पडणार होते. त्या बाईने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "हओ अम्मा." आई उठून आत गेली. मी चहा केला, तो तिघींनी घेतला आणि संध्याकाळच्या आत निघून गेल्या... त्या घरी नीट पोचल्या का, एवढं मात्र आईने दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारायला लावलं.

माहेरी गेले की मी हेमंतच्या खोलीत बसते. मुलाखतींची रेकॉर्डिंग त्याच्या कॉम्प्युटरवर आहेत, ती लावते. त्यांत तो जवळपास नाहीच. हातपंपाचा खडखडाट असतो, शेळ्या असतात, मागे कोणीतरी खोकत असतं आणि एखादी बाई बोलत असते. बोलता बोलता तिचा आवाज अडकतो आणि ती गप्प होते. पुढचा प्रश्न येत नाही. काहीच ऐकू येत नाही... मग फक्त एकदा, हळूच, त्याचं "कोई जल्दी नहीं है," आणि पुन्हा तसंच सगळं शांत. सुरुवातीला मी तेवढा भाग पुढे ढकलायचे. आता ढकलत नाही. ती बाई पुन्हा बोलू लागेपर्यंत तो तिथे बसलेला असतो.