अस्मिता सिस्टरचा फोन

सायरन वाजवला की अ‍ॅम्ब्युलन्स जोरात पळवायचीच असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या शेजारच्या सीटवर बसू नये. अकरा वर्षं मी नवजात बाळांची गाडी चालवतो. मागे काचेच्या उबदार पेटीत दीड-दोन किलोचा जीव असतो. एक खड्डा चुकवता आला नाही, तर त्याच्या नाकातली नळी सरकते. तरी दर बाळाचा बाप, मामा, काका मला एकच सांगतो, दाबा. मी दाबत नाही. हे मला अस्मिता सिस्टरनं शिकवलं, आणि शिकवताना चारचौघांत झापलंही.

अस्मिता गजभिये. नागपूरच्या इंदोऱ्यात दोन खोल्या, त्यात ती एकटी. आई दोन वर्षांपूर्वी गेली, भाऊ पुण्याला, सणावाराला फोन करणारा. घरी गेल्यावर आधी टीव्ही लावते. बघत नाही, नुसता बोलू देते. गावोगावच्या दवाखान्यांतून अत्यवस्थ बाळं नागपूरला आणायची, वॉर्डात सोपवायची, कागदावर सही घ्यायची आणि रिकामी पेटी पुसायची, हे तिचं काम. पुढं त्या बाळाचं काय झालं, हे ती कधी विचारत नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाली, "प्रेमानंदभाऊ, विचारलं तर ते घरी घेऊन जावं लागते." आपला नंबरही ती कुणाला देत नाही. दिला तो एकदाच.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. उमरेडच्या एका प्रसूतिगृहातून सकाळी बोलावणं आलं. पहाटे सिझर झालेलं, मुलगी, सहा आठवडे आधीच आलेली. आम्ही पोचलो तेव्हा ती प्रत्येक श्वासाला कण्हत होती. घरच्यांना ते रडणं वाटत होतं. ते रडणं नसतं. फुप्फुसं मिटू नयेत म्हणून बाळ तसं झगडत असतं, आणि झगडून थकलं की संपतं. त्यात अंग थंडगार आणि साखर उतरलेली. नव्या बाळाला नवं कापड लावायचं नाही म्हणून आजीनं मायेनं घरचं जुनं, मऊ धोतर गुंडाळलं होतं. ते ओलं झालं होतं, आणि ओल्या कापडानं अंगातली सगळी ऊब ओढून घेतली होती.

सिस्टरनं धोतर काढलं, बाळ कोरडं केलं, तापलेल्या पेटीत ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी शिरेतून साखरेचं पाणी सुरू केलं. तिनं नाकाला हवेच्या दाबाची नळी लावली आणि मग ती नुसती उभी राहिली. तब्बल पाऊण तास.

बाप दुर्गेश, कोळसा खाणीत कामाला. त्याचा तोल सुटला. "काहून थांबून राहिले? गाडी दारात आहे, न्या ना!"

"थंड बाळ हलवलं तर रस्त्यात जाते, दादा," ती म्हणाली. "तुमी मले शिव्या द्या, पण तिले गरम होऊ द्या."

त्यानं खरंच दिल्या. तिनं ऐकून घेतल्या.

निघण्याआधी पेटी आईच्या खाटेजवळ न्यायची, ही सिस्टरची पद्धत. आई दीपमाला, टाके ओले, कूस बदलता येत नव्हती. पेटीच्या खिडकीतून तिनं एक बोट आत घातलं, बाळाच्या तळपायाला लावलं. मग तोच हात बाहेर काढून तिनं सिस्टरचं मनगट धरलं.

"ताई, एक सांगतो. पहिल्या खेपेले पोरगा झाला होता. त्यालेही असंच नागपूरले नेलं. तीन दिवस हे सारे मले सांगत राहिले, बरा आहे, काचेच्या पेटीत आहे. फोटो दाखवला. चौथ्या दिवशी झाडूवालीनं सांगितलं, तो पहिल्याच दिवशी गेला म्हणून. आता मी कोणाचंच खरं मानत नाही. तुमी सांगा. जे असंन ते, तुमीच सांगा."

सासू यमुताई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. अस्मिता सिस्टरनं दीपमालाच्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर टाकला आणि म्हणाली, "मीच सांगीन."

पाचगावजवळ मागून फळीवर दोनदा ठकठक झाली. म्हणजे गाडी उभी कर. मी रस्त्याच्या कडेला घेतली. नाकातल्या नळीत चिकट अडकलं होतं, बाळ निळं पडायला लागलं होतं. चालत्या गाडीत असलं बारीक काम होत नाही. शेजारच्या सीटवरून दुर्गेश माझ्यावर ओरडला, "आता तू काहून थांबवली गा?" मागच्या काचेतून मला फक्त सिस्टरची वाकलेली पाठ दिसत होती. सहा मिनिटं. मग एकदा ठकठक. म्हणजे चल.

नागपूरला पोचलो तेव्हा कण्हणं थांबलं होतं. श्वास सरळ, अंग उबदार, रंग गुलाबी. वॉर्डात सोपवून, सही घेऊन ती खाली आली आणि माझ्यासमोरच तिनं फोन लावला. थकली होती, पण आवाजात आनंद होता. "दीपमाला, पोचलो वं आमी. लई कण्हत होतं लेकरू, पण आता शांत झालं."

पलीकडून फोन कटला. सिस्टर म्हणाली, "रडत असंन बिचारी." मीही मान हलवली. आम्ही दोघंही शहाणे.

तीनच्या सुमारास टपरीवर चहा घेत होतो. मला फोन आला, खापरखेड्याचे माझे चुलत सासरे चंपतराव वारले. मी फोन ठेवला आणि तिला सांगितलं, "चुलत सासरे शांत झाले."

तिनं कप खाली ठेवला. मग माझाच शब्द तिनं हळूच उच्चारला आणि तिचा चेहरा उतरला.

दीपमालाचा फोन बंद. दुर्गेशला गाठलं, तो वैतागलेला. "माझ्या आईनं तिले दहा वेळा सांगितलं, पोरगी चांगली आहे म्हणून. मी इथून आईच्या फोनवर फोटो धाडला. मानतच नाही. भिंतीकडं तोंड करून पडली आहे."

कशी मानेल? घरचे चांगलं सांगतात म्हणजेच वाईट झालंय, हे तिला मागच्या खेपेनं शिकवलं होतं. जिच्यावर विश्वास ठेवला, ती तर मेलं म्हणून सांगून मोकळी झाली होती. मला इतकी चीड आली, की कुणावर काढावी कळेना. शेवटी स्वतःवरच काढली.

सिस्टर म्हणाली, "उमरेडले जातो. पण आधी वर जाऊन पायतो." अकरा वर्षांत ती पहिल्यांदा सोपवलेलं बाळ बघायला जिना चढली. दोन तासांत काहीही होऊ शकतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? वर गेली, खाली आली, हातात बर्फाची लहान पिशवी होती. मी म्हटलं, गाडीवर सोडतो. म्हणाली, "तुमच्या घरी मयत झालं, तुमी तिकडं जा." एकटीच एसटीत बसून गेली.

पुढचं तिनं मला नंतर, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

दीपमाला तशीच भिंतीकडे तोंड करून होती. सिस्टरनं नाव घेतलं तरी वळली नाही. "चुकलं माझं, कण्हणं थांबलं असं म्हणायचं होतं मले," असं सगळं सांगून झालं. दीपमाला एवढंच म्हणाली, "तुमालेही या घरच्यायनंच धाडलं ना?"

सिस्टरनं बर्फाच्या पिशवीतून झाकणाची छोटी डबी काढून तिच्या उशाशी ठेवली. "वॉर्डातल्या डॉक्टरनं दूध मांगितलं आहे. तुझं. पहिला चीक. थेंबभर असला तरी चालते, तिच्या तोंडात लावतात."

दीपमालानं मान वळवून डबीकडे पाहिलं.

"मांगितलं?"

"हो."

सिस्टरनं तिला हातानं दूध काढायला शिकवलं. वीस मिनिटं लागली. पाच-सात पिवळे थेंब आले. झाकण लावलं आणि दीपमाला मोठ्यानं रडायला लागली.

यमुताई पुढं आल्या. "आता काहून रडतं वं? पोरगी जिवंत आहे ना!"

"त्या पोराचं दूध मले कोणीच नव्हतं मांगितलं," दीपमाला म्हणाली. "छाती दगडावानी झाली होती, लुगडं भिजून जात होतं, तरी कोणी मांगितलं नाही. मले तवाच समजाले पाहिजे होतं."

यमुताई बाहेर निघून गेल्या. बर्फ वितळायच्या आत नागपूरला पोचायचं होतं, म्हणून अस्मिता सिस्टर डबी बर्फात ठेवून उठली.